सोबतीची खुर्ची

"घरात कुणी सिगारेट ओढतं का?" ठकीच्या पाठीवरची नळी न उचलता डॉक्टरांनी विचारलं आणि मी "नाही" म्हणाले. प्रश्न पुरता संपलाही नव्हता. इतक्या तत्परतेने मी एरवी कशाचंच उत्तर देत नाही. आज वार कोणता विचारलं तरी आधी कॅलेंडर बघते. ठकी माझ्या मांडीवर होती, पावणेतीन वर्षांची, तापाने गरम, आणि दर श्वासाला तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती, लांबच्या कुठल्या घरात किटली विसरून राहावी तशी. त्या महिन्यातली ही दुसरी खेप. डॉक्टर तिला म्हणाले होते, "काय गं, छातीत मांजर पाळलंयस का?" ती हसली होती, हसताना खोकली होती, आणि मी तिच्या केसांत नाक खुपसून वास घेतला होता. तिचा नव्हे, माझा. माझा तिला लागलाय का, ते बघायला.

"खरं सांगू का डॉक्टर," सासूबाई शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "मी इतके दिवस तोंड मिटून होते. पण आता नातीच्या जिवाशी आलंय. बाथरूममध्ये याचा जुना रेनकोट लटकतो ना, त्याला वास मारतो. भपकारा येतो नुसता." त्यांनी आपल्या मुलाकडे बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. मीही बघितलं, कारण सगळे बघत असताना मी एकटीने न बघणं फार दिसलं असतं. माझा नवरा ठकीचे बूट हातात धरून दाराशी उभा होता. तो लिफ्ट तपासतो. इमारतींमधून जाऊन दोर, ब्रेक, दारं बघायची आणि सगळं ठीक असल्याच्या कागदावर सही करायची, हे त्याचं काम. सही करण्याआधी तो जसा थांबतो तसा थांबला. मग म्हणाला, "कधीतरी. एखादी."

रेनकोट मी घालते. बाथरूमची खिडकी इमारतीच्या मधल्या बोळात उघडते. तिथे नुसते पाइप आणि दुसऱ्यांच्या खिडक्यांच्या पाठी. दार लावायचं, नळ सोडायचा, केसांवर प्लास्टिकची टोपी, अंगात त्याचा रेनकोट, गळ्यापर्यंत बटणं, आणि कमोडच्या झाकणावर उभं राहून तोंड खिडकीबाहेर. नंतर बोटांना टूथपेस्ट चोळायची. कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं होतं, वास कापडाला कसा धरतो आणि गुळगुळीत प्लास्टिकला कसा धरत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून रेनकोट निवडला. आतून त्याला सुती अस्तर आहे, हे मी विचारातच घेतलं नाही. दोन वर्षं त्या अस्तरात मी साठत गेले आणि त्याच्या नावावर जमा होत गेले. चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत मी कुणाची कुणी नसते. बाहेर ठकी रडत असली तरी नळाच्या आवाजात ते रडणं दुसऱ्या कुणाच्या मुलाचं असल्यासारखं ऐकू येतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सिगारेटचं एक वेळ सांगता येईल, हे नाही.

घरी परतताना तो गाडी चालवत होता आणि मागे सासूबाई ठकीला थोपटत होत्या. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं, सिग्नलला. मला वाटलं आता विचारेल. तो म्हणाला, "काच वर कर, तिला वारा लागेल." मी काच वर केली. आता रेनकोट त्याचा, वास त्याचा, आणि मी त्याची बायको. उपकार म्हणावा तर त्याचं ओझं होतं, आणि ओझं म्हणावं तर ते त्याच्या खांद्यावर दिसत होतं, माझ्या नाही. सासूबाई मागून म्हणाल्या, "मावशीच्या सुनेची नखं खायची सवय गेली बघ त्या बाईंकडे जाऊन. संमोहन करतात. नुसतं बोलून घालवतात. उद्याच फोन लावते." तो म्हणाला, "अगं आई, कशाला." "कशाला म्हणजे? लाज वाटायला हवी. बायको बिचारी गप्प बसून सोसते." बिचारीने पुढे रस्त्याकडे बघितलं.

संमोहनवाल्या बाई एका चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर बसत. जिन्यात चष्म्याची मोठमोठी चित्रं. मला वाटलं होतं खोलीत अंधार असेल, उदबत्तीसारखा काहीतरी वास असेल, बाईंचे डोळे मोठे असतील. बाई पन्नाशीच्या, पायात मोजे, सर्दी झालेली. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी मागे कलणारी खुर्ची, तिच्यावर घडी घातलेली शाल, आणि भिंतीशी एक साधी लाकडी खुर्ची. "ही सोबतीची," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही बसा इथे. फक्त मधे बोलायचं नाही." मग नाक पुसून त्यांनी वही उघडली. "पहिली कधी ओढलीत?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. आयुष्यात त्याने एकही ओढलेली नाही. लग्नाआधी आम्ही भेटायचो तेव्हा मी ओढायचे आणि तो वाऱ्याची दिशा बघून बसायचा. ठकीच्या वेळी सोडली. मग ती चार महिन्यांची असताना पुन्हा धरली, आणि ते त्याला माहीत नाही, असं मी धरून चालले होते. "हॉस्टेलवर," मी म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे त्याने," मी म्हणाले. "परीक्षेच्या आधी. खोलीतल्या मैत्रि... मित्राबरोबर."

"बरोबर," तो म्हणाला. "हॉस्टेलवर."

"दिवसाला किती?"

"तीन," मी म्हणाले.

"तीन," तो म्हणाला.

"कुठे ओढता? ऑफिसात?"

"बाथरूममध्ये," आम्ही दोघंही एकदम म्हणालो, आणि बाई हसल्या, हसता हसता शिंकल्या. "बायकोला सगळं पाठ आहे. बरं आहे हो, नाहीतर इथे येणाऱ्यांच्या बायकांना नवऱ्याच्या चपलेचा नंबर माहीत नसतो." तोही हसला. मीसुद्धा. तिघांच्या हसण्यात मला क्षणभर वाटून गेलं, आत्ता सांगावं. बाई, खुर्ची बदला. पण मग हे बाईंना कळणार, बाई मावशीच्या सुनेला ओळखतात, सून मावशीला सांगणार, आणि मावशी सासूबाईंना. ते सांगणं त्या जिन्यावरून उतरून, रस्ता ओलांडून, लिफ्टने आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्या मागोमाग गेले. परत आले तेव्हा पंखा बंद झाला होता आणि बाईंनी बोलायला सुरुवात केली होती.

त्यांचा आवाज अगदी साधा होता, वाण्याला यादी सांगतात तसा. पाय जड होताहेत. पोटऱ्या जड होताहेत. एक एक पायरी खाली उतरा. मी ठरवलं, आपणही उतरायचं. ऐकू तर मलाही येतंय. मी डोळे मिटले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथ्या पायरीवर मला वाटलं, ठकीला औषध देताना सासूबाई झाकण नीट लावतील ना. पाचवीवर रस्त्यावर कुणाचं तरी मूल खोकलं आणि मी टक्क जागी. मूल झाल्यापासून माझे कान स्वतंत्र नोकरीला लागलेत, त्यांना सुट्टी नाही. पुन्हा मिटले. तेवढ्यात बाई त्याच सपाट आवाजात, यादीतली पुढची वस्तू सांगावी तसं म्हणाल्या, "सोबत आलेल्यांनी डोळे उघडे ठेवायचे." मी उघडले. वर्गात कॉपी करताना सापडल्यासारखी कानशिलं तापली.

तो मात्र उतरत गेला. दोर, ब्रेक, दारं बघणारा माझा नवरा, लिफ्टमध्ये शिरल्यावर आधी छताकडे बघणारा, इतका सहज खाली गेला की मला भीती वाटली. तोंड किंचित उघडं पडलं. हात शालीवर उपडा. त्याचा असा चेहरा मी बघितलाच नव्हता. झोपेतही त्याच्या कपाळावर एक आठी असते, ती गेली होती. बाईंनी विचारलं, "आता तुम्ही बाथरूमच्या दाराशी आहात. काय दिसतं?"

"दार," तो म्हणाला. आवाज घोगरा. "बंद आहे."

"आत जा."

"आतून कडी आहे."

बाई थांबल्या. "काय ऐकू येतं?"

"नळ. पाणी सोडलंय. बादली नाहीये खाली, नुसतंच पाणी. मी बाहेर उभा आहे. ठकी कडेवर आहे. तिला आत जायचंय, दारावर हात मारतेय. मी तिला लांब नेतो. खिडकीत नेतो. गाड्या दाखवतो."

"तुम्ही हाक मारता?"

"नाही," तो म्हणाला. "हाक मारत नाही. येईल म्हणतो. आत्ता येईल."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला खुणेने, छान चाललंय, असं सांगितलं. नंतर म्हणाल्या, काही माणसं आपल्या सवयीकडे बाहेरून बघतात, हे चांगलं लक्षण आहे, अशी लवकर सुटतात. मी मान हलवली. लाकडी खुर्चीची कड मांडीत रुतत होती. दोन वर्षं. दिवसातून तीनदा, म्हणजे तीन हे मी सांगते ते. नळाच्या त्या आवाजापलीकडे तो उभा होता, मुलीला गाड्या दाखवत, आणि आत मी कुणाची कुणी नव्हते. मला रडू येईल असं वाटलं, पण आली ती चीड. माझी म्हणून एवढी एकच जागा होती, आणि तिच्या दाराबाहेर इतके दिवस पहारा होता. प्रेमाचा असला म्हणून काय झालं? पहाराच तो. मग त्या चिडीची लाज वाटली, आणि दोन्ही एकमेकींना धरून बसल्या, मांडीतल्या त्या कडेपाशी.

शेवटी बाई म्हणाल्या, "यापुढे हा धूर नाकात शिरला की पोट ढवळून येईल. ओलं रबर जळाल्यासारखा वास येईल. तुम्ही स्वतःच दूर व्हाल." हे त्यांनी तीनदा म्हटलं. मग त्याला वर आणला, पायरी पायरीने. तो डोळे चोळत उठला आणि म्हणाला, "झोप लागली वाटतं." खाली उतरताना जिन्यात मी विचारलं, "काय बोललास आठवतंय?" "नाही. काही बोललो का?" मी म्हणाले, "घोरत होतास." चष्म्यांच्या चित्रांमधून आम्ही खाली आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाथरूममधून बाहेर आले. तो त्या दिवशी लवकर आला होता आणि ठकीचे ठोकळे रचत बसला होता. मी टूथपेस्ट लावली होती, तोंड धुतलं होतं, रेनकोट सासूबाईंनी जाळून टाकावा तसा फेकून दिल्यामुळे स्वतःचाच जुना गाऊन घातला होता. मी वाकून ठकीला उचलायला गेले आणि माझा श्वास त्याच्या तोंडावर गेला. तो ताडकन उठला. बेसिनपाशी जाऊन ओकाऱ्या काढत उभा राहिला, पाठ कमानीसारखी, एका हाताने मला मागे राहा म्हणून खुणावत. मग तोंड पुसत म्हणाला, "सॉरी. माझं काही नाही गं. पोटच." डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. मला वाटलं नाटक करतोय, बाईंचे पैसे वसूल व्हावेत म्हणून. पण चेहऱ्याचा तो रंग नाटकात आणता येत नाही. आयुष्यात एकदाही न ओढलेल्या माणसाची सिगारेट सुटली होती.

त्यानंतर तो माझ्याजवळ यायचा ते वाऱ्याची दिशा बघून. मी तीन दिवस सोडली. खरंच सोडली. पहिल्या दिवशी कपाटं आवरली, दुसऱ्या दिवशी ठकीवर ओरडले, तिसऱ्या दिवशी ती झोपल्यावर भिंतीला डोकं टेकून उभी राहिले आणि मनात बाईंचा आवाज आणायचा प्रयत्न केला. पाय जड होताहेत. पाय जडच होते, वर्षानुवर्षं. चौथ्या दिवशी पुन्हा नळ सोडला. आता तर जास्तच लागायला लागल्या, कारण आता त्या बाथरूममध्येही चार मिनिटं नीट मिळेनात. दाराबाहेर तो उभा असेल असं वाटायचं; आणि तो नसायचा, वासामुळे तो आता हॉलच्या पलीकडच्या टोकाला असायचा, आणि नसायचा हेही ऐकू यायचं. बैठकीच्या दिवशी मी इमानाने लाकडी खुर्चीवर डोळे उघडे ठेवून बसायचे. चार बैठका झाल्या. बाई म्हणाल्या, "इतका चांगला माणूस मला वर्षात मिळाला नव्हता."

सासूबाई ज्याला त्याला फोनवर सांगत सुटल्या. "सोडली हो माझ्या लेकाने. मनाचा पक्का आहे." फोन ठेवून त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, लहान असल्यासारखा, आणि तो फिरवू द्यायचा. हे मी बघत होते. सुरुवातीला तो ओशाळायचा. पुढे पुढे नुसताच हसायचा. एकदा शेजारच्या काकांनी जिन्यात विचारलं, "फार त्रास झाला का हो?" आणि तो म्हणाला, "पहिला आठवडा जरा जड जातो." मी मागे ठकीचा हात धरून उभी होते. त्याने वळून बघितलं नाही. घरात आता कुणीच ओढत नव्हतं. कधी वास आलाच तर सासूबाई नाक वर करून म्हणायच्या, "खालचे असतील. बोळातून वर येतो मेला."

सात आठवड्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरांच्या त्याच खोलीत होतो. ठकीचा श्वास त्या दिवशी सकाळपासून इतका वर चढला होता की बरगड्यांमध्ये खळगे पडत होते, आणि ती रडत नव्हती, रडायला लागणारा दमच तिच्याकडे नव्हता. वाफ दिल्यावर जरा उतरला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न नवऱ्याला विचारला. "तुम्ही पुन्हा सुरू केलीत?"

"नाही," तो म्हणाला. खरं बोलत होता.

"शपथेवर सांगते," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आता वाससुद्धा चालत नाही."

"मग कठीण आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आधीचे कागद उलटेपालटे केले. "मला वाटलं होतं धूर थांबला की हिचं थांबेल. सात आठवडे घरात धूर नाही आणि त्रास वाढलाय. म्हणजे कारण दुसरं आहे, तिच्या आत आहे. मग रोजचं औषध सुरू करावं लागेल, जरा जोरकस, निदान वर्षभर. रक्त बघू. छातीचा फोटो काढू. आणि मोठ्या हॉस्पिटलात एक तपासणी आहे, थोडी भूल द्यावी लागते..." बोलता बोलता ते लिहायला लागले होते. पेनाचा आवाज होत होता. मी ठकीची पाठ धरून बसले होते. माझ्या तळव्याखाली ते मांजर घुरघुरत होतं, आणि डॉक्टर त्याला तिच्या आत शोधायला निघाले होते, सुया घेऊन, भूल घेऊन. मी नवऱ्याकडे बघितलं. तो कागदाकडे बघत होता. कपाळावर आठी होती. सही करण्याआधी थांबतो तसा तो थांबला होता, आणि या वेळी थांबूनच राहिला होता.

"मी ओढते," मी म्हणाले.

पेन चालूच राहिलं. "डॉक्टर, मी ओढते. सकाळीसुद्धा ओढलीय. तो नाही, मी."

डॉक्टरांनी मान वर केली आणि हसले, समजूतदारपणे, लहान मुलाने पडल्यावर लागलं नाही म्हणावं तेव्हा हसतात तसं. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "बघा डॉक्टर. नवऱ्याला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतेय. अशी सून मिळायला भाग्य लागतं." मग त्या आपल्या मुलाकडे वळल्या, आणि आवाज बदलला. "म्हणजे तू पुन्हा सुरू केलीस?"

"आई, मी खरं सांगतेय."

"तू गप्प बस गं. किती झाकशील त्याचं?"

मी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून पाकीट काढून टेबलावर, डॉक्टरांच्या कागदावर ठेवलं. लायटर ठेवला. टूथपेस्टची छोटी ट्यूबही ठेवली. ती कशाला ठेवली कुणास ठाऊक. सासूबाईंनी पाकीट उचललं, उघडलं, मोजावं तसं आत बघितलं, आणि मुलाच्या छातीवर आपटलं. "बायकोच्या पर्समध्ये लपवतोस? एवढी मजल गेली? बाई म्हणत होत्या सुटली म्हणून, आणि तू..." पाकीट खाली पडलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही. मी अजून काय काढून दाखवणार होते? माझ्याजवळ होतं ते सगळं मी टेबलावर ठेवलं होतं आणि ते सगळं त्याचं निघालं होतं. ठकीने माझ्या स्वेटरचं बटण तोंडात धरलं. ओरडावं असं वाटलं, पण ओरडले असते तर तेही सुनेचं सोसणंच ठरलं असतं.

नवरा भिंतीला टेकला होता. आईचं बोलणं संपेपर्यंत तो थांबला. मला वाटलं, घेईल. पुन्हा स्वतःवर घेईल, आता त्याला ते जमायला लागलंय. आणि माझ्या आत कुठेतरी, हे लिहिताना हात आखडतो, मला वाटलं की घ्यावं.

"तिची आहे," तो म्हणाला.

"काय?"

"आई, सिगारेट तिची आहे. मी कधीच ओढली नाही. मला येतच नाही ओढता."

बाहेर कुणाचं तरी मूल वजनकाट्यावर बसायला तयार नव्हतं, नर्स त्याला फसवत होती. डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदावर एक आडवी रेघ मारली, मग दुसरी. नवा कागद घेतला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पेशंटकडे बघतात तसं. "दिवसाला किती?"

तीन, असं माझ्या तोंडात आलं होतं. ते कायमच तिथे तयार असतं. "नऊ," मी म्हणाले.

नवऱ्याने मान वर केली. नऊ त्यालाही माहीत नव्हतं.

"पहिली कधी?"

"सकाळी उठल्यावर. दूध तापायला ठेवते तेव्हा."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू, स्वतःशीच, "तरीच रोज उतू जायचं." त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला नव्हता. तो तिथे राहून गेला होता, आणि आता त्याचं काय करावं हे त्यांनाही कळत नव्हतं, मलाही. मी हलले नाही. तेवढ्यात ठकी खोकली, एकदा, मग लागोपाठ तीनदा, आणि त्या तिघांनीही तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.